कपाटातली ओल

बुरुलकानने कपाटाच्या तळाशी हात घातला आणि तिसरी पुरचुंडी बाहेर काढली. जुन्या अभ्र्याचे फडके, वर दोऱ्याची घट्ट गाठ. आत ओलसर मीठ आणि कोळशाचे चार तुकडे. आधीच्या दोन तिच्या दिवंगत नवऱ्याच्या कोटामागे होत्या. ही तर तिच्याच शालींखाली.

घरात तिच्याखेरीज माणसे दोनच. मुलगा उलान आणि चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून, नुरझादा. काराकोल गाव सोडायचे कधी नाव न काढणारा उलान पंधरा दिवसांपासून बिश्केकला नोकरी बघतो म्हणत होता.

ही सुनेचीच करणी असे धरून बुरुलकानने पुरचुंड्या होत्या तिथेच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बाजाराला म्हणून निघाली, वळणापर्यंत गेली आणि मागच्या दाराने परत आली. बूट हातात घेऊन.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेले. कपडे सगळे शेगडीजवळ दोरीवर. तोंडाला रुमाल बांधून नुरझादा कपाटामागे वाकली होती. खोलीभर व्हिनेगरचा वास.

"काय पुरतेयस तिथं?"

नुरझादा दचकली. "आपा! तुम्ही बाजारात..."

"बाजार कुठं पळून जात नाही. हे काय आहे?" बुरुलकानने पुरचुंडी तिच्या नाकासमोर धरली.

"मीठ. ओल ओढून घेतं. कोळशानं वास जातो. भिंत पाझरतेय, आपा, मागं हिरवी बुरशी चढलीय. ओल शोषायच्या डब्या मिळतात दुकानात, पण महाग. माझी आई असंच करायची."

"मग मला सांगायला तोंड नव्हतं?"

"नवी सून मी. सासूच्या कपाटाला वास मारतो म्हणू?"

बुरुलकानने दोरीवरच्या कोटाच्या अस्तरात हात घातला. कोरडे, ऊबदार होते. तरी तिचा आवाज खाली आला नाही.

"आणि बिश्केक? तेही आईनंच शिकवलं?"

"ते त्यांच्या डोक्यातलं. मी नकोच म्हणतेय. तिथं माझं कोण आहे?"

नुरझादाने फडके पिळले. मग खाली बघतच म्हणाली, "खालच्या खणात आणखी एक होती. लाल दोऱ्यानं शिवलेली. ती माझी नाही."

बुरुलकानची नजर खालच्या खणाकडे गेली.

"शिवण उसवली होती. आत केस होते. लांब, माझ्यासारखे. मी परत होती तिथंच ठेवली."

लग्नाच्या आठवड्यातच बुरुलकान टेकडीपलीकडच्या मंतरून देणाऱ्या म्हातारीकडे गेली होती. मुलगा हातचा जाऊ नये म्हणून. कंगव्यातले केस तिनेच गोळा केले होते, एकेक करून.

"कधी सापडली?"

"पहिल्याच महिन्यात."

म्हणजे तीन महिने ही पोरगी सगळे ठाऊक असून रोज सकाळी वाकून चहा देत होती.

नुरझादा पुन्हा भिंतीकडे वळली. मागे खालचा खण करकरला. पावले शेगडीपाशी गेली. शेगडीचे लोखंडी दार उघडले, थोड्या वेळाने बंद झाले.

तिने मान वळवली नाही. भिंतीचा पुसून झालेलाच भाग ती पुन्हा पुसत राहिली.