पूल अजून अर्धा आहे

नववीत असताना आमच्या वर्गात तीन आठवडे यादवी युद्ध चाललं होतं आणि मी सरकारी वर्तमानपत्राची मुख्य लेखिका होते. हे सांगताना माझी कॉलर आपोआप ताठ होते, त्याला माझा इलाज नाही.

युद्ध अर्थात खोटं. इतिहासाच्या फ्राऊ हुबर बाईंनी एक अख्खा देश तयार केला होता. मधून नदी, अलीकडे सरकार, पलीकडे बंडखोर, दोन्ही बाजूंना एकेक पेपर. माल्टे राष्ट्राध्यक्ष झाला, कारण ब्लेझर फक्त त्याच्याकडे होता. बाकीची मुलं म्हणजे जनता. घर सोडून नदीपलीकडे पळालेली कुटुंबंही त्यांच्यातच. दर सोमवारी बाई घडामोडींची चिठ्ठी द्यायच्या आणि बुधवारी आम्ही पेपर भिंतीवर लावायचो. तो वाचून पळालेली कुटुंबं ठरवायची, घरी परतायचं की थांबायचं. चुकीच्या वेळी नदीकडे निघालं की ते कुटुंब खेळातून बाद. आणि शेवटच्या बुधवारी मतदान: माल्टे राहणार की जाणार.

पुण्याहून जर्मनीत रेगेन्सबर्गला आले तेव्हा वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आता माल्टे माझ्या जोरावर निवडून येणार होता. म्हणजे खरं तर बाबांच्या. माझे बाबा दिवसा गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीवाले इंजिनिअर असले, तरी मूळचे वक्तृत्व स्पर्धांमधून ढाल घेऊन येणारे. मी चिठ्ठी दाखवायची, ते डोळे मिटून "मित्रहो, जेव्हा तोफा बोलतात..." असं सुरू करायचे आणि मी ते भराभर जर्मनमध्ये उतरवायचे. चिठ्ठीत 'इस्पितळाला भेट' एवढंच असलं, तरी आमचा माल्टे जखमी सैनिकाच्या उशाशी रात्र जागून काढायचा. पहिल्या आठवड्यात त्याला कोणी विचारत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात अर्धा वर्ग त्याच्या बाजूने. बव्हेरियातली पोरं आमच्या वक्तृत्वावर डोलत होती, विचार करा.

आमची संपादक होती निलानी, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचं घर श्रीलंकेतलं, तमिळ. लिहायचं मी, वाचायचं तिने आणि दोघींच्या सह्या झाल्याशिवाय पेपर भिंतीवर जायचा नाही. हा नियम बाबांचाच. "आमच्या कारखान्यात चार डोळ्यांखालून गेल्याशिवाय स्क्रूसुद्धा बाहेर जात नाही," असं त्यांनीच सांगितलं होतं.

शेवटची चिठ्ठी आली: 'नदीवरच्या पुलाचं काम निम्मं झालं आहे.' त्या संध्याकाळी निलानी आमच्याकडे आली. आईने थालीपिठं लावली आणि बाबांनी डोळे मिटले.

"शत्रूने पूल तोडला, नेत्याने तो उभा केला! या, बांधवांनो, घर तुमची वाट पाहत आहे!"

मी टाळ्याच वाजवल्या. लिहून काढलं आणि पेन निलानीपुढे धरलं. तिने थालीपिठाचा तुकडा लोण्यात बुडवला, खाल्ला, बोटं पुसली.

"मी नाही सही करणार."

"का? एवढी भारी हेडलाइन आहे."

"आहे ना. पण पूल अर्धा आहे."

"अगं, बुधवारी मतदान आहे. पुढे कोणाला पूल ओलांडायचाय?"

"लेनाला. ती पळालेल्यांतली आहे, तिच्या कुटुंबाच्या कार्डावर चार मुलं आहेत. ती तुझं सगळं खरं मानते."

"खेळ आहे तो, निलू."

ती माझ्याकडे न बघता बाबांकडे वळली. "अंकल, माझ्या मावशीच्या गावात रेडिओवर सांगितलं, रस्ता मोकळा झाला, आमच्या नेत्याने करून दाखवला. सांगणाऱ्याचा आवाज खूप छान होता. मावशी सामान घेऊन निघाली. रस्ता मोकळा नव्हताच. ती अजून काठी घेऊन चालते."

आईने तव्याखालचा गॅस बारीक केला. निलानीने ही गोष्ट मलाही कधी सांगितली नव्हती, आणि सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला अशा वेळी रडू आलं असतं.

"श्यामकांत," आई म्हणाली, "तुझ्या लाइनवर अर्ध्या गाडीला पास म्हणतोस का रे?"

"नाही," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे हात केला. "दे तो कागद, ऊर्जा. ढाल मिळाली असती याला." त्यांनीच तो फाडला.

मग नव्या कागदावर निलानीने सांगितलं तसं मी लिहिलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी बातमी: 'पूल अजून अर्धा आहे. येऊ नका.' दोन सह्या.

बुधवारी सकाळी शाळेच्या अंगणात माल्टेला दाखवलं, कारण पडणार तो होता.

"आल्झो, म्हणजे मी हरणार?"

"बहुतेक."

"ब्लेझर घालून?"

"गेनाऊ. अगदी."

त्याने बराच वेळ ब्लेझरचं बटण फिरवलं. मग माझं पेन घेतलं आणि बातमीखाली स्वतः लिहिलं, 'पूल पूर्ण झाला की मी आधी स्वतः चालून बघेन. — राष्ट्राध्यक्ष.' हा माणूस आम्ही तीन आठवडे उगाच रंगवत बसलो होतो, असं मला तेव्हा वाटून गेलं.

पेपर लागला. बंडखोरांच्या पेपरात मोठ्या अक्षरांत होतं, 'अध्यक्षांना एक पूल बांधता येत नाही!' फ्राऊ हुबर म्हणाल्या, "आज नदीकडे निघालेल्यांनी उभं राहावं." लेनाने भिंतीकडे पाहिलं, निलानीकडे पाहिलं आणि कार्ड बाकावर ठेवून बसून राहिली. कोणीच उठलं नाही.

मग मतदान झालं आणि आम्ही पडलो. थोडक्यात, पण पडलो. लेनाने मात्र हात आमच्या बाजूने वर केला होता.

"जिंकलात?" बाबांनी दारातच विचारलं.

"पडलो. पण नदीत कोणी नाही."

"मग ठीक," म्हणाले, आणि बूट काढता काढता स्वतःशीच हसले.

पुढच्या आठवड्यात निलानीच्या त्याच मावशीचा, ती आता राहते त्या फ्रँकफर्टहून, डबा आला. वर लिहिलं होतं, 'संपादक मंडळासाठी'. आत मुरुक्कू. बाबा म्हणाले, या तर चकल्या. निलानी म्हणाली, अंकल, चार डोळ्यांनी बघा. त्यावर बाबांनी चष्मा लावून एक चकली खाल्ली आणि मुरुक्कू आहे असं कबूल केलं.

निम्मा डबा आम्ही माल्टेला नेऊन दिला. पडलेला असला म्हणून काय झालं, आमचा अध्यक्ष होता.