मागची आग

"हे सांगून कुणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याच्या अकलेची मला काळजी वाटेल," अशी प्रस्तावना केल्याशिवाय तोफखान्याच्या तोंडून एकही गोष्ट बाहेर पडत नसे. तोफखाना हे नाव त्याला गल्लीनं दिलेलं. एके काळी त्यानं खांद्यावर तोफ वाहिली होती आणि तिच्या आवाजानं त्याचा उजवा कान कायमचा गेला होता. ज्याला स्वतःचं बोलणं धड ऐकू येत नाही तो पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असाच बोलतो.

आज तो शिंप्याच्या दुकानात स्टुलावर बसला होता. दुकान त्याच्या जुन्या जोडीदाराच्या मुलीचं. जोडीदाराला जाऊन एकतीस वर्षं झाली होती. मुलगी मशीनपाशी होती, तिची आई खिडकीच्या उजेडात शर्टाची काजं करत होती, आणि कोपऱ्यात पोस्टमन कमरेला अस्तराचं कापड गुंडाळून बसला होता, कारण त्याची पँट बसायच्या जागी फाटली होती आणि ती या क्षणी मशीनच्या सुईखाली होती.

"बंदुकीनं खांदा निखळतो," तोफखाना त्याला सांगत होता. "आमच्या खांद्यावरच्या रिकॉइललेस तोफेला धक्का म्हणून नाही. नळी मागूनही उघडी. पुढून गोळा रणगाड्याकडे, मागून तेवढ्याच जोरानं आग. फिट्टंफाट. एकट्या माणसानं उचलावी आणि लोखंडी हत्ती लोळवावा. एकदा नळीवर चिमणी येऊन बसली. मी रणगाडा उडवला, तर ही बया आपली पिसं साफ करतेय."

"बहिरी असेल," पोस्टमन म्हणाला. "तुमच्याच वळणावर गेलेली."

"आणि मागं तीस पावलांवरचा गहू उभ्याउभ्या भाजून निघाला. चुलीला काम राहिलं नाही."

पोस्टमन हसला. मुलगी हसली नाही. तिनं मशीन थांबवली आणि कात्रीखाली ठेवलेलं पत्र काढलं. सकाळी पोस्टमननंच ते आणून दिलं होतं.

"काका, पलटणीचं पत्र आलंय. मेलेल्यांची नावं दगडावर कोरतायत. बाबांचं त्यात नाही."

"नाही? त्यांच्या बापाचा दगड आहे का?"

"तुम्ही म्हणायचात, बाबांना शत्रूचा गोळा लागला."

"लागलाच की."

"यात लिहिलंय, आपल्याच तोफेच्या मागच्या आगीत गेले. तोफेच्या मागे बारा पावलांवर सापडले. इशारा देऊन झाल्यावर स्वतः मागे गेले, म्हणून चूक त्यांची. हे तुमच्याच तेव्हाच्या जबानीवरून. कुणी शुक्रवारपर्यंत वेगळं लिहून दिलं तर नावाचा विचार होईल. तिथं होतात तुम्ही एकटेच."

तोफखाना स्टुलावर मागे सरकला. एकतीस वर्षं तो दर आठवड्याला या स्टुलावर येऊन मित्राला नव्यानं मारत आला होता. एकदा मित्रानं सगळी तुकडी वाचवली, एकदा छातीवर गोळा झेलला, एकदा तर मेल्यावरही तासभर गोळे भरत राहिला. मित्राची बायको, त्याच्या वहिनी, खाली मान घालून ऐकत. त्याला वाटे, आपण पुण्य करतोय. पुढे पुढे त्याला त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्याही वाटू लागल्या. फक्त त्या सकाळचा एक क्षण असा होता, की तिथवर आलं की त्याचं मन मान फिरवून घेई.

"नीट सांगा," मुलगी म्हणाली. तिनं मापाच्या वहीचं कोरं पान काढलं. "चिमण्या नकोत."

"हे दोघांचं काम असतं," तो म्हणाला. आवाज त्याच्या मानानं हळू होता. "मी नंबर एक. नळी माझ्या खांद्यावर, डोळा नेमावर. मागचं मला काही दिसत नाही. तुझा बाप नंबर दोन. त्यानं मागून गोळा भरायचा, झाकण लावायचं, मागे कुणी नाही ना ते बघायचं, आणि माझ्या शेजारी येऊन माझ्या हेल्मेटवर टपली मारायची. बोललेलं तिथं कुणाला ऐकू येतंय? टपली पडली म्हणजे मागे मोकळं. ती पडल्याशिवाय नंबर एकनं घोड्याला बोटसुद्धा लावायचं नाही."

"आणि लावलं तर?"

"तर तो नंबर एक कसला, तो खाटीक."

हे तो बोलून गेला. त्या सकाळी पडक्या भिंतीआडून रणगाड्याचं नाक बाहेर आलं होतं, ते त्याला पुन्हा दिसलं. टपली पडली नव्हती म्हटलं तर मित्राचं नाव दगडावर जाणार होतं, आणि या गल्लीतल्या प्रत्येक घरातून त्याचं स्वतःचं पुसलं जाणार होतं. हे दुकान धरून.

"मग, पडली होती टपली?"

"पडली की," तोफखाना म्हणाला, आणि एकदा म्हटल्यावर त्याची गाडी उताराला लागली. "ठण्णकन पडली. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मी घोडा दाबला. सगळ्या पलटणीत माझ्याइतकं चपळ बोट नव्हतं."

"मग बाबा मागे कशाला गेले?"

"गोळ्यांची पेटी राहिली होती ना मागे. टपली मारली आणि सुटला तिकडे. असा पळायचा, की सावली दमून बसायची. पेटीपाशी पोचला आणि इकडे माझी तोफ सुटली. चूक म्हणू नये त्याला, पोरी. धाडस म्हणावं. 'धाडस' लिही, म्हणजे त्याचं नाव लागेल आणि कुणालाच बोल नाही."

मुलगी लिहीत होती. पोस्टमन आपल्या अनवाणी पायांकडे बघत होता. खिडकीपाशी वहिनींनी काज पूर्ण केलं, दातानं दोरा तोडला आणि शर्ट मांडीवर पसरून ठेवला.

"भावजी," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता, की त्याच्या कानाला तो ऐकू यायला नको होता. "आमच्या ह्यांची बाही तेवीस इंच. लग्नापासून मीच शिवत आले. तुम्ही घोडा दाबलात तेव्हा ते पेटीपाशी होते म्हणता. बारा पावलांवर. आणि पातं लवायच्या आधी म्हणे त्यांचा हात तुमच्या डोक्यावर होता. तेवीस इंचांचा हात बारा पावलांवरून पोचत नाही. टपली पडलीच नव्हती. अगं, ते खोड, आणि पेन भावजींच्या हातात दे."