तड्यावरची काच

आमच्या पंपघराची पश्चिमेची भिंत नुसती भिंत नाही. वाफेच्या इंजिनाची अजस्र लोखंडी तुळई तिच्यावरच तोललेली आहे. भिंत गेली की इंजिन गेलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात पटकीनं गावात घरंच्या घरं ओस पडली, तेव्हा हे पंपघर बांधलं. काम काय, तर विहिरीचं स्वच्छ पाणी गावाला चढवायचं. पण खिडक्या चर्चसारख्या आणि खांबांच्या माथ्यावर ओतीव कमळं. पाण्याचे उपकार मानायची त्या काळच्या लोकांची तऱ्हा. आता गावाला पाणी दुसरीकडून येतं, पण आम्ही काही हौशी मंडळी हे इंजिन चालतं ठेवतो.

वसंतात त्या भिंतीला तडा दिसला. मिस ऑकली या इंजिनिअर बाईंनी त्याच्या दोन्ही कडांना पेन्सिलीच्या खुणा केल्या आणि वर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं बसवली.

"भिंत सरकली तर काच फुटेल. आणि फुटली, तर इंजिन कायमचं बंद."

हे त्या क्लेमेंटला सांगत होत्या. इंजिन तो चालवतो. बायको गेल्यापासून घरी तो फक्त झोपायला जातो.

शनिवारी कुलूप काढलं, तर काच दुभंगलेली. क्लेमेंटनं तेलाची बुधली खाली ठेवली आणि टोपी काढली. मी चहा केला. तो तसाच गार झाला.

मिस ऑकली आल्या, वाकून बघत राहिल्या. "एवढी लखलखीत कशी ही? धूळ कुठे गेली?"

आम्ही सगळे एनिडकडे वळलो. इथलं पितळ एनिड घासते. तिच्या फडक्यातून दाराची कडीसुद्धा सुटलेली नाही.

"माझ्याकडे काय बघताय?" एनिड म्हणाली. मग हळूच, "कळकट दिसत होती. परवा जरा पुसली. कट्कन वाजलं खरं, पण मला वाटलं माझा खांदा."

"एनिड, जीव गेला असता माझा," क्लेमेंट म्हणाला.

"गेला नाही ना? मग गार चहा पी."

मिस ऑकलींनी खुणा मोजल्या. तडा होता तेवढाच होता. त्यांनी नवी काच बसवली आणि पुढच्या शनिवारी इंजिन चालवून बघायचं ठरलं.

त्या दिवशी क्लेमेंटनं वाफ सोडली. तुळईचं एक टोक झुकलं, उठलं, पुन्हा झुकलं. पायाखालची फरशी थरथरली. आम्ही काचेकडे बघत होतो, एनिड हात खिशात घालून. इंजिन थांबलं, तरी काच अखंड.

क्लेमेंट पायरीवर बसला आणि चहा मागितला, गरम.

"धूळ बसतेय हं तिच्यावर," एनिड पुटपुटली.

"बसू दे की," क्लेमेंट म्हणाला, आणि दुसरा कप तिच्यापुढे केला.