हो म्हणाला असतास तर

टेमघरच्या ख्रिस्ती मंडळीत त्या रविवारी पास्टर नवशांनी देव न मानणाऱ्यांवर उपदेश केला, आणि सगळ्यात मोठ्याने ‘आमेन’ म्हटलं ते मनोजने.

मनोज मंडळीचा वडील होता. म्हणजे सभेच्या हॉलची किल्ली त्याच्याकडे, आजाऱ्यांना भेटायला जाणं त्याच्याकडे, कुणाच्या घरी भांडण झालं तर दोन्ही बाजू ऐकून घेणंही त्याच्याकडेच. हॉल म्हणजे बंद पडलेल्या एका यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, कारखान्याचा वरचा मजला. एरवी मनोज धामणकर नाक्याजवळच्या चालू कारखान्यात जॉबर होता. लूम बिघडला की त्यालाच हाक यायची.

“दुसऱ्या धर्माचा माणूस निदान कुणाला तरी भितो,” पास्टर म्हणाले होते. “पण जो म्हणतो, मी कुणालाच मानत नाही, माझी अक्कल हाच माझा देव, त्याला धरून ठेवणारं काय? ब्रेक नसलेला टेम्पो सपाट रस्त्यावर चांगलाच चालतो. उतार लागला की कळतं.”

मनोजने असा टेम्पो पाहिला होता. वीस वर्षांपूर्वी त्याच्या कारखान्यात रामू नावाचा माणूस होता. हुशार, वाचणारा, देवधर्माची टिंगल करणारा. एकदा लूमचा पट्टा तुटून एका कामगाराची दोन बोटं गेली. पट्टा जुना झाला होता हे रामूला ठाऊक होतं, पण चौकशीत तो म्हणाला, “पट्टा नवाकोरा होता.” मनोजने त्याला बाहेर गाठून विचारलं, तर तो हसला. “कुणाला जाब द्यायचाय मला?” ते वाक्य मनोजच्या मनात रुतून बसलं. देव न मानणारा माणूस म्हटलं की त्याला रामूचं ते हसणं दिसायचं.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी करिष्मा प्रितमला घरी घेऊन आली.

करिष्मा त्याची एकुलती मुलगी. दापोड्याच्या गोदामात माल आत-बाहेर नोंदवायचं काम करायची. प्रितम तिथेच इलेक्ट्रिशियन होता. जवळच्याच गावातला, आगरी घरातला. मनोजच्या बायकोने, काशीने, चहा आणला, मनोजने नेहमीप्रमाणे प्रार्थना केली. मध्येच त्याने डोळे किलकिले करून पाहिलं, तर प्रितम हात मांडीवर ठेवून शांत बसला होता, डोळे उघडे. दोघांची नजरानजर झाली आणि दोघेही ओशाळले.

“तुमचे घरचे कुठला देव मानतात?” मनोजने विचारलं.

“एकवीरा आई, काका. गणपती पाच दिवसांचा असतो.”

“आणि तुम्ही?”

प्रितमने करिष्माकडे पाहिलं नाही. “मी नाही मानत. कुठलाच. जे तपासून पटतं ते मानतो.”

मनोज उठला, चप्पल घातली आणि सभेच्या हॉलवर जाऊन एकटाच बसला. तो परत आला तेव्हा प्रितम गेलेला होता.

“माझ्या जिवंतपणी हे लग्न न्हाय,” तो करिष्माला एवढंच म्हणाला.

करिष्मा भांडली नाही. ती दर रविवारी सभेला यायची, गाणी म्हणायची, लहान मुलांचा वर्ग घ्यायची. फक्त बापाशी कामापुरतं बोलायची. असे चार महिने गेले. मनोजला वाटायचं, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

काशीला दोघांचीही दया यायची. तिचं आणि मनोजचं पहिलं मूल दीड वर्षाचं होऊन गेलं, तेव्हा या मंडळीतली माणसं आठ दिवस त्यांच्या खोलीत येऊन बसली होती. स्वयंपाक करायची, भांडी घासायची, रडायलाही सोबत करायची. त्यातूनच ती आणि मनोज येशूच्या विश्वासात आले होते. मंडळी सोडायची हा विचार काशीच्या मनाला शिवणं शक्य नव्हतं, आणि मुलगी सोडायची हाही नाही.

वाट काढली धोंडूबाईने. मंडळीतल्या बायकांची ही पुढारी. “त्यात काय एवढं? पोराला म्हणावं, बाप्तिस्मा घे. पाण्यात जाऊन आला की आपलाच झाला. मग पास्टर लग्न लावतील.”

करिष्माने तो निरोप प्रितमला दिला. दोन दिवसांनी तो तयार झाला.

सहा शनिवार तो पास्टर नवशांकडे शिकायला गेला. एकही चुकवला नाही. वही घेऊन जायचा, प्रश्न विचारायचा. पास्टर मनोजला म्हणाले, “आपल्या पोरांपेक्षा जास्त वाचून येतो.” मंडळीत कौतुक सुरू झालं. धोंडूबाईने तर सभेत उभं राहून साक्ष देऊन टाकली, की बघा, प्रभूने दगडाला पाझर फोडला.

मनोजला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचं कामात लक्ष लागेना. एका लूमचा पाना त्याने दुसऱ्यावर विसरला, तो सापडेना म्हणून उगाच एका कामगारावर ओरडला. शेवटी त्याने करिष्माला विचारलं, “खरंच मानायला लागलाय का तो?”

“मला नका विचारू, पप्पा,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मनोजने पुढे विचारलं नाही. उत्तर ऐकायची त्यालाही भीती वाटत होती.

जानेवारीतल्या एका रविवारी मंडळी दोन टेम्पो भरून तानसा नदीवर गेली. सकाळची वेळ, पाण्यावर अजून धुकं होतं. चार जणांचा बाप्तिस्मा होता. पास्टर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. पहिल्या तिघांना त्यांनी एकेक करून प्रश्न विचारला, ‘हो’ म्हटल्यावर पाण्यात बुडवून वर काढलं, काठावर टाळ्या आणि गाणं झालं. मग पांढरा सदरा घातलेला प्रितम पाण्यात उतरला. मनोज टॉवेल घेऊन काठाशी उभा होता.

“प्रभू येशू तुझा तारणारा आहे, असा तुझा विश्वास आहे का?” पास्टरांनी विचारलं.

प्रितम पाण्याकडे पाहत राहिला. पास्टरांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं.

“पास्टर,” प्रितम म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण काठावर सगळे गप्प असल्यामुळे ऐकू आला. “मी ‘हो’ म्हणायला आलो होतो. सहा शनिवार मनापासून प्रयत्न केला. नाही होत माझ्याने. तुम्ही मला इतक्या मायेने शिकवलंत. तुमच्यासमोर उभं राहून खोटं नाही बोलवत. मला माफ करा.”

मग धोंडूबाई कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, “सैतानाने तोंड धरलं बघा त्याचं.”

पास्टर नवशा सत्तरीचे होते. त्यांचे हात अजून प्रितमच्या खांद्यावर होते.

“मग वर ये,” ते म्हणाले. “पाणी गार आहे.”

मनोजला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला शरमेने मान वर करता येणार नाही. झालं उलटंच. छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसलं होतं आणि ते उठून गेलं, असं त्याला वाटलं. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने पोटभर श्वास घेतला. आपण त्या ‘हो’लाच घाबरत होतो, हे त्याला आत्ता कळलं.

मागे करिष्मा दगडावर बसून ओढणीत तोंड खुपसून हुंदके देत होती. काशी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. “रडू नको गं पोरी, बघू काहीतरी.”

करिष्माने तोंड वर केलं. ती रडत होती आणि हसतही होती. “आई, मी प्रभूकडे रोज हेच मागत होते.”

“काय?”

“त्याने माझ्यासाठी खोटं बोलू नये, हे. मला त्याला अडवायचा धीर होत नव्हता.”

मनोजने ते ऐकलं. तो पाण्यात दोन पावलं पुढे गेला आणि कुडकुडणाऱ्या प्रितमच्या अंगावर त्याने टॉवेल टाकला.

“काका, सगळ्यांसमोर तुमचा अपमान झाला. मला तसं…”

“गप. आधी डोकं पूस.” मनोजने स्वतःच त्याचं डोकं खसाखसा पुसलं. “हो म्हणाला असतास तर मी लग्न लावून दिलं असतं. पण जन्मभर तुझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवला नसता. कळलं?”

प्रितमने मान हलवली.

“आणि एक. मी तुझ्यासाठी प्रार्थना करणार. रोज. तुला पटो, न पटो.”

“करा की, काका. त्याला माझी ना नाही.”

परतीच्या टेम्पोत पास्टरांनी मनोजला पुढे शेजारी बसवलं.

“आठवडाभर हा दिवस टळावा असं वाटत होतं मला, मनोज,” ते म्हणाले. “पोरगा मानत न्हाय, हे मला तिसऱ्या शनिवारीच दिसलं होतं. पण सगळ्यांना इतका आनंद झालेला, मीच डोळे झाकले. खोटा बाप्तिस्मा माझ्या हातून झाला असता. त्याने मला वाचवलं.”

“पास्टर, माझी मुलगी त्याच्याशी लग्न करणार.”

“ठाऊक आहे. मी लावू शकत नाही. विश्वास नसलेल्याशी जोडी लावणं आपल्यात बसत नाही, आणि मी ते बसवणारही नाही. तुझं वडीलपणही जाईल.”

“ते मी आजच सोडतो.” मनोजने खिशातून हॉलची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

पास्टरांनी किल्ली घेतली. “सभेला मात्र येत जा. आणि लग्नाचं जेवण असेल तर मला बोलाव. जेवायला मनाई कुठे लिहिलेली नाही.”

धोंडूबाई महिनाभर मनोजच्या घरावरून मान वळवून जायची. ब्रेक नसलेल्या टेम्पोबद्दल पास्टरांचं मत बदललं नाही. खरं तर मनोजचंही पुरतं बदललं नव्हतं. देवावाचून माणूस सरळ राहतो कसा, हे त्याला अजून उलगडत नव्हतं. फक्त असा एक माणूस आहे, एवढं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

लग्नाच्या नोटिशीचे तीस दिवस भरल्यावर मार्चमध्ये सगळे ठाण्याच्या नोंदणी कार्यालयात गेले. साक्षीदार तीन लागत होते: मनोज, करिष्माची मैत्रीण क्षितिजा आणि प्रितमची आई तुळजा. तुळजाबाई हिरवी नऊवारी नेसून, अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं घालून आल्या होत्या. नंबर यायला तासभर होता. बाकावर त्या मनोजच्या शेजारी बसल्या.

“व्याही, तुमी लय मनाला लावून घेतलं असंल,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“ह्यो तुमच्या देवाला हात जोडत न्हाय म्हनून. अवो, आमच्या तरी कुठं जोडतोय? गनपतीत पाच दिस मोदक खातोय आन् आरतीला गच्चीवर पान्याची टाकी बघाया जातोय. मी म्हटलं, करिष्मा तरी ह्याला वळन लावंल. तिचा देव तर तिचा देव.”

मनोजला आधी हसू आवरता आलं, मग आवरेना. तो इतका हसला की खिडकीमागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तुळजाबाईही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पलीकडे उभ्या असलेल्या करिष्माला आणि प्रितमला कळेना, यांना झालं काय.

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. प्रितमने आणि करिष्माने सह्या केल्या. साहेबांनी रजिस्टर मनोजकडे सरकवलं. “वडील का मुलीचे? इथे करा सही. स्वखुशीने करताय ना?”

“हो,” मनोज म्हणाला, आणि संपूर्ण नाव लिहून त्याने सही केली.