बेचव स्वयंपाकाचा वर्ग

एका भोपळ्याचे पाच पदार्थ करता येणं हा गुण आहे, अशी पंचवीस वर्षं माझी समजूत होती. सासूबाई चारचौघींत सांगायच्या, आमची सून कोंड्याचा मांडा करते. मी फुगून जायची. पण घरात दरवेळी कोंडाच का येतो, हे आम्ही दोघींनी कधी कुणाला विचारलं नाही.

आमचे हे खोक्यांच्या कारखान्यात कापणीच्या मशीनवर आहेत. तिथे तीन वर्षं कुणाचाच पगार वाढला नव्हता. शेवटी सगळे कामगार मिळून मालकांकडे गेले आणि या पगारात धड खाणंही होत नाही म्हणून सांगून आले. मालक न्यायाचे. ते म्हणाले, आमचे कल्याण अधिकारी तुमच्यापैकी एकाच्या घरी जेवून बघतील, मग पगाराचं ठरवू. आता गरिबी दाखवायला कुणाचं घर निवडावं? आमच्या मंडळींनी सगळ्यांत नीटनेटकं घर निवडलं, म्हणजे आमचं. साहेब जेवायला येणार म्हटल्यावर त्यातल्या त्यात बरं घर नको का?

शेजारची फिटरची बायको तीनदा बजावून गेली, की पातळ डाळ आणि भात, बाकी काही म्हणजे काही करायचं नाही. मी कबूल केलं. पण त्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, पाहुण्याच्या पानात नुसती डाळ वाढलीस तर माझं नाक कापलं जाईल. खोटं कशाला बोलू, सासूबाईंचं निमित्त झालं. माझेच हात शिवशिवत होते.

घरात एक भोपळा होता. त्याची परतून भाजी केली, रस्सा केला, सालींची चटणी वाटली, बिया खारवून भाजल्या आणि थोडा कीस साखरेत शिजवून गोडाचं केलं. साहेबांनी तीनदा रस्सा मागून घेतला. प्रत्येक पदार्थाचं नाव विचारून वहीत लिहिलं आणि मीही हौसेनं सांगितलं. आमच्या ह्यांनी मात्र ताटातून मान वर केली नाही.

साहेबांनी मालकांना लिहून दिलं, कामगाराच्या घरी पाच पदार्थांचं जेवण, त्यात एक गोड. खुद्द साहेबांच्या घरी दोनच पदार्थ होतात, तेव्हा पगार नक्की कुणाचा वाढवावा, असा प्रश्न मालकांना पडला असणार. पगारवाढ लांबणीवर पडली. अजून एक घर बघू, घर तुम्हीच निवडा, त्यानंतर मात्र निकाल शेवटचा, असा निरोप आला. शिवाय तोवर मी बाकीच्यांच्या बायकांना काटकसरीचा सकस स्वयंपाक शिकवावा, असंही मालकांनी सुचवलं होतं. म्हणजे पगार आहे तिथेच राहून घरोघर पाच पदार्थ होतील.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "एकदा मीठ जास्त पडलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मला रडू आलं. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच आलं.

वर्ग कारखान्याच्या कँटीनमध्ये भरला. आम्ही नऊ जणी होतो. साहेबांनी काटकसरीवर अर्धा तास भाषण केलं आणि जेवायला बाहेर गेले. ते गेल्याबरोबर फिटरच्या बायकोनं दार लावून घेतलं.

"बुधवारी साहेब माझ्याकडे येतायत," ती म्हणाली. "आता आम्हाला वाईट स्वयंपाक शिकव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलायला तोंड होतं कुठे? भोपळा सालीसकट चिरला. भरमसाट पाणी ओतलं. फोडणी नाही, तिखट नाही. मिठाच्या डब्याकडे माझा हात दोनदा गेला, दोन्ही वेळा फिटरच्या बायकोनं तो धरून मागे घेतला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. अर्ध्या तासानं पातेल्यात जे तयार झालं ते बघून मला स्वतःचीच शरम वाटली.

सगळ्यांनी चमचाभर चाखलं. एकीनं तोंड फिरवलं, बाकीच्या खूश झाल्या. जमलं म्हणे. कोपऱ्यात हमालाची बायको बसली होती. तीन मुलांची आई, एरवी तोंडातून शब्द काढायची नाही. तिनं वाटीभर घेतलं, खाल्लं, परत वाटीभर घेतलं. मग हळूच विचारलं, उरलेलं पोरांना न्यायचं का.

मी म्हटलं, "अगं, हे मुद्दाम बिघडवलंय."

"हो का?" ती ओशाळली. "आमच्याकडे असंच असतं. भोपळा मिळाला तर."

माझ्या पाच पदार्थांची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. एका गल्लीत राहून आम्ही तिच्या घरात कधी डोकावलो नव्हतो, आणि साहेबांसाठी घर निवडताना तिचं नाव कुणाला सुचलंही नव्हतं.

बुधवारी साहेबांना तिच्याकडेच न्यायचं, असं फिटरच्या बायकोनं जाहीर केलं. हमालाची बायको खूप वेळ नको नको म्हणत राहिली, शेवटी तयार झाली. निदान पाहुण्याच्या दिवशी तिच्या मदतीला जावं, म्हणून मी विचारलं, सकाळी लवकर येऊ का.

तिनं उरलेलं डब्यात भरलं आणि झाकण लावलं.

"तुम्ही नका येऊ, काकू," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर चव येईल."