भुशाचा थर

सामुदायिक शेतीचं खूळ आमच्या इमारतीत बेकरीवाल्याने आणलं. मागची पडीक जागा, सगळ्या बिऱ्हाडांनी राबायचं, सगळ्यांनी खायचं. जी माणसं जिन्यात एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, ती मिळून वांगी पिकवणार म्हणे! मी शिवणयंत्रावरून मानही वर केली नाही.

पण दादा राबायला गेला. त्याचा सुतारकामाचा कारखाना बंद झाल्यापासून माझा हा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. तो उठून बूट घालतोय हे पाहिलं आणि माझ्या हातातलं कापड गळून पडलं. मग मीही निमूट फावडं उचललं.

वांगी, टोमॅटो, घेवडा लावला. रोपं तरारली. "मातीवर काहीतरी अंथरायला हवं, म्हणजे ओल टिकेल," बेकरीवाला म्हणाला, तसा दादाचा चेहरा उजळला. कारखान्यात भुशाची पोती पडून होती. आपल्या फर्निचरला कधी वाळवी लागली नाही, हा त्याचा तोरा. लाकूड औषधात मुरवल्याशिवाय तो करवत लावायचाच नाही. "माझ्या हातचा माल आहे," म्हणत त्याने वाफ्यावाफ्यात भुसा पसरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढी शहाणी माणसं, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही.

पाणी मुरत गेलं तशी रोपं पिवळी पडली. आधी घेवडा गेला, मग सगळंच. पुन्हा बी पेरलं, ते उगवलंच नाही. कुणी साबणाचं पाणी टाकलं यावरून भांडणं झाली आणि एकेक जण यायचा बंद झाला. शेवटी बेकरीवाल्यानेही नळाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी थोडी माती पिशवीत भरून रोपं विकणाऱ्या बाईकडे नेली. तिने वास घेतला.

"वर काय अंथरलंत?"

मी सांगितलं. दादाचं औषधही सांगितलं.

"मग कसं जगेल, बाई? विष मुरलंय यात. वरची सगळी माती काढून टाका, नाहीतर काही वर्षं ती जागा विसरा."

माती काढणार कोण? उरलो होतो दोघंच. मला रडू नाही आलं, रागच आला. आज सांगूनच टाकायचं, असं ठरवून मी तडक मागच्या जागेत गेले.

दादा दाढीबिढी करून उभा होता. शेजारी उरलेली पोती.

"कुठे उलथली होतीस? चल, हात लाव. आपलं चुकलं काय ते मला कळलंय. थर पातळ पडला. जरा हिरवं दिसू दे, सगळे येतील परत."

शब्द अगदी ओठांवर आले होते. सांगितलं असतं तर तो पुन्हा भिंतीकडे वळला असता, आणि या वेळी उठला नसता. जमीन काय, तशीही मेलीच होती.

"या खेपेला जाड टाक," मी म्हणाले आणि पोत्याचं तोंड उघडून धरलं.