निळी टपालपेटी

मी टपालपेटी बोलतेय. खरी नव्हे, मालिकेतली. प्लायवूडची, आतून पोकळ. कॅनडातल्या सडबरी गावी एका सुतारानं मला ठोकून उभं केलं आणि आमच्या टपालखात्याचा लालभडक रंग दिला. मी इतकी हुबेहूब झाले, की एका म्हातारीनं बहिणीला लिहिलेलं खरंखुरं पत्र माझ्या पोटात टाकलं.

मालिका हेल्मीनं लिहिली होती. तिचे वडील रेनो निकेलच्या खाणीत आयुष्यभर राबले. त्यांच्यासारख्या, फिनलंडहून येऊन इथे रुजलेल्या घरांची ती गोष्ट. "टीव्हीवर जगातली सगळी गावं दिसतात, आपलंच तेवढं नाही," हे तिनं त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून तिनं त्यांनाच एक छोटं काम दिलं. बर्फ झटकत यायचं, माझ्यात पत्र टाकायचं आणि थंडीला दोन शिव्या घालायच्या. येताना ते सगळ्यांसाठी वेलदोड्याचा पाव आणत. गावात लोक त्यांना "काय हिरो" म्हणू लागले, की कानापर्यंत लाल होत.

दुसऱ्या वर्षी टोरांटोहून निर्माता आला, गॉर्डन.

"अमेरिकेतली वाहिनी आपल्याला घेतेय," तो म्हणाला. "फक्त गावाचं नाव नको. झेंडा उतरवू, पाट्या बदलू. आणि ही पेटी निळी करा, तिकडे असते तशी."

"मग हे गाव कुठलं?" हेल्मीनं विचारलं.

"कुठलंही. बघणाऱ्याला शेजारचं वाटलं पाहिजे."

"माझ्या शेजारच्यांना काय वाटेल?"

"तुझ्या शेजाऱ्यांच्या जिवावर मालिका चालत नाही, हेल्मी. बंद करू का?"

गावातली कितीतरी घरं त्या कामावर चालत होती. तिनं रंगाऱ्याला बोलावलं. रंगाऱ्यानं मला निळ्याचे दोन हात मारले.

रेनो आले आणि हातातलं पत्र न टाकता माझ्याकडे बघत राहिले.

"बाबा, नुसता रंग आहे. टाका ना."

"आणि माझं बोलणं? तो टोरांटोचा पोरगा म्हणत होता, उच्चार सुधारा."

"थोडेसेच. तिकडे कळत नाहीत म्हणे."

"पोरी, खाणीवाल्यांनी माझी फुफ्फुसं घेतली. जीभ नव्हती मागितली."

पाव टेबलावर ठेवून ते घरी गेले. त्यांचा मालिकेतला कोट दुसऱ्याच्या अंगावर चढला. पाव मात्र सगळ्यांनी खाल्ला.

तरीही मालिका बंद पडली. अमेरिकेतल्या लोकांना म्हणे गाव परकं वाटत होतं.

मला गोदामात टाकायला हेल्मी स्वतः आली. रंगाऱ्याला म्हणाली, "परवा बाबा न्हाव्याकडे बसले होते. तिथे आपला निळ्या पेटीचा जुना भाग लागला. न्हावी म्हणाला, हे अमेरिकनच काहीतरी दिसतंय, आणि चॅनल बदललं."

"मग बाबा काय म्हणाले?"

"केस कापून घेतले."

आता मी भाड्यानं जाते. कधी शिकागोची असते, कधी बोस्टनची. माझ्यात कोरे कागद पडतात. पुन्हा लाल करा, असं मी म्हणत नाही. पण तुम्ही आपल्या गावाची गोष्ट लिहाल, तेव्हा गावाचं नाव पहिल्याच ओळीत लिहा. पुसणाऱ्याचा हात तरी थरथरू दे.